मदत हवी आहे: बोलेरोमागे ओढायचा कॅम्पिंग ट्रेलर

नमस्कार मंडळी. मी अचलपूर तालुक्यातला. हिवाळ्यात चिखलदरा, सेमाडोह, धारणी आणि पुढे जमलं तर आलापल्ली-भामरागड असं हिंडायचं आहे. मुक्काम वाघाच्या हद्दीत नाही, ओळखीच्यांच्या शेतात. तयार ट्रेलरचे भाव ऐकून गप्प बसलो. आमच्याकडचा ट्रॉल्या बनवणारा वेल्डिंगवाला चेसिस करून द्यायला तयार आहे, पण त्याचा हात ट्रॅक्टरचा: सगळं जाड, सगळं जड!

मुख्य अडचण सस्पेन्शनची. पाट्यांची स्प्रिंग घेतली तर एखादी पाटी तुटली तरी परतवाड्यात मिळेल. दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारं ट्रेलिंग आर्म घेतलं तर मधला एक्सल नसल्यामुळे पोट दगडाला घासणार नाही, पण बिघडलं तर बघणार कोण? काळ्या मातीत पाऊस पडल्यावर काय होतं ते सांगायला नको. चाकं मात्र बोलेरोचीच आणि तेवढ्याच रुंदीवर लावणार, म्हणजे ट्रेलर गाडीच्याच चाकोरीत चालेल आणि स्टेपनीही दोन्हीकडे चालेल.

एकूण वजनाच्या दहा टक्के भार हुकावर हवा, हे वाचलंय. मग ६० लिटरची पाण्याची टाकी, म्हणजे ६० किलो, एक्सलच्या वर ठेवू की थोडी पुढे? टाकी रिकामी झाल्यावर हुकावरचा भार कितपत बदलतो?

घाट उतरताना ओव्हररन ब्रेक (ट्रेलर गाडीला मागून ढकलू लागला की आपोआप लागणारा) पुरतो का? रिव्हर्स घेताना तो लागू नये म्हणून लॉक कसं बसवलंत? आणि घरी बनवलेल्या ट्रेलरचं आरटीओ पासिंग कोणी करून घेतलंय का? असल्यास कागद काय काय लागले तेही सांगा भाऊ.