स्पीड सेन्सर: आधी तारा मोजा

भाऊ, तुमच्या जुन्या जिप्सीवर फ्युएल इंजेक्शन किट बसवल्यावर गाडी थांबताना आरपीएम गडगडतात आणि इसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) वेग ० दिसतो, असं तुम्ही लिहिलंय. स्पीड सेन्सर बदलण्याआधी त्याला किती तारा आहेत ते बघा. तीन तारा म्हणजे बहुधा हॉल सेन्सर (चुंबक ओळखून चालू-बंद सिग्नल देणारा): सप्लाय, अर्थ, सिग्नल. यातल्या बऱ्याच सेन्सरचा सिग्नल फक्त अर्थला खेचतो, स्वतः व्होल्टेज देत नाही. इसीयूच्या आत पुल-अप (सिग्नल वर खेचून धरणारा रेझिस्टर) नसेल तर सिग्नल आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये साधारण १ ते ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतो. चाक उचलून हळू फिरवा, मल्टिमीटरवर व्होल्टेज वर-खाली व्हायला हवं. दोन तारांचा असेल तर तो बहुधा व्हीआर, म्हणजे चुंबक आणि कॉइलचा सेन्सर; तो एसी देतो आणि कमी वेगात फारच क्षीण. त्याला इसीयूचं व्हीआर इनपुटच हवं.

सेन्सरची शिल्डेड (जाळीचं आवरण असलेली) वायर स्पार्क प्लगच्या वायरींपासून लांब न्या, शिल्ड फक्त इसीयूच्या टोकाला अर्थ करा. आणि सायलेन्सरजवळून तर नकोच. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात साधं इन्सुलेशन आधीच रडतं!

शेवटी किलोमीटरमागचे पल्स सॉफ्टवेअरमध्ये भरा, जीपीएसशी ताडून. मग चाळीसगावकडे कन्नड घाट उतरताना फ्युएल कट (ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंधन बंद होणं) लागतो का ते कळवा.