पुनरुत्थानाची पहाट : ईस्टरचे आपले अनुभव सांगा

ईस्टर म्हणजे वधस्तंभावर प्राण सोडलेल्या येशूच्या पुनरुत्थानाचा सण. नाताळासारखी त्याची तारीख ठरलेली नसते; चर्चच्या गणनेप्रमाणे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार तो ईस्टर, म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा असलेल्या या सणाविषयी मराठीत फार थोडे लिहिले जाते, याची मला मनापासून खंत वाटते. आपण तो जसा अनुभवला तसा लिहावा, ही विनंती.

वसई
आमचा ईस्टर शनिवारी रात्रीच सुरू होतो. पवित्र गुरुवारच्या (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारच्या) मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, वाजलेल्या घंटा त्यानंतर मुक्या असतात. शनिवारी रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवून आवारात नवा अग्नी पेटवतात. फादर मोठ्या पास्का (ईस्टरच्या) मेणबत्तीवर क्रूस, ग्रीक वर्णमालेतील पहिले व शेवटचे अक्षर आणि चालू वर्षाचे चार अंक कोरतात, मग येशूच्या पाच जखमांची खूण म्हणून धूपाचे पाच खडे तीत बसवतात. ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ ही घोषणा तीनदा होत ती मेणबत्ती अंधारातून आत येते आणि तिच्यावरून पेटलेली ज्योत हातोहात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचते. लहानपणी मेण बोटांवर ओघळू नये म्हणून आई माझ्या मेणबत्तीला पुठ्ठ्याची चकती लावून द्यायची. आता माझ्या मुलीसाठी ती मी कापतो. पुढे महिमागीताला घंटा एकदम घणघणू लागतात, तेव्हा शेजारी उभी असलेली आजी दरवर्षी पदराने डोळे पुसायची. त्या क्षणासाठीच चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, असे मला आजही वाटते.

वांद्रे, मुंबई
पूर्वी युरोपात उपवासकाळात अंडीसुद्धा वर्ज्य असत; ती सणापर्यंत साठत आणि मग रंगवून वाटली जात. बंद कबरीतून बाहेर आलेले जीवन, हा अर्थही अंड्याला आहे. आम्ही ईस्ट इंडियन मंडळी, म्हणजे मुंबई परिसरातले मूळचे कॅथलिक, घरी मार्झिपानची अंडी करतो. काजूची पूड, साखर, अंड्यातला पांढरा भाग आणि गुलाबपाणी मंद आचेवर घोटून तो गोळा साच्यात दाबायचा, दोन अर्धी सुकली की जोडायची आणि वर आयसिंगने मुलांची नावे लिहायची. एके वर्षी माझ्याकडून गोळा जास्त आटला आणि अर्धी अंडी तडकली. आजीने प्रत्येक चिरेवर आयसिंगची वेल काढली.

अहिल्यानगर
आमचे चर्च प्रोटेस्टंट आहे. आम्ही उजाडण्यापूर्वी कब्रस्तानात जमतो, आपापल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहतो आणि गीते गातो. ‘प्रभू उठला आहे’ असे पाळक म्हणतात, ‘खरोखर उठला आहे’ असे आम्ही उत्तर देतो. वडील गेले त्या वर्षी ते उत्तर देताना माझा आवाज फुटला नव्हता, परंतु भोवतीच्या सगळ्यांनी ते म्हटले, हे मी विसरलेलो नाही.

क्राकुव, पोलंड
मी येथे शिकायला आले त्या वर्षी घरमालकीणबाई मला शनिवारी चर्चमध्ये घेऊन गेल्या. पांढऱ्या रुमालाने झाकलेल्या टोपलीत पाव, मीठ, सॉसेज, रंगवलेली अंडी आणि लोण्याचे छोटे कोकरू होते; पाद्रींनी सगळ्यांच्या टोपल्यांवर पवित्र पाणी शिंपडले. रविवारी सकाळी त्यातलेच एक अंडे कापून घरातल्या प्रत्येकाला फोड देतात आणि शुभेच्छा देतात. मलाही माझी फोड मिळाली. सोमवारी मात्र एकमेकांवर पाणी उडवण्याची प्रथा आहे. जिन्यात त्यांच्या नातवाने माझ्यावर तांब्याभर गार पाणी ओतले, तेव्हा मला घरच्या रंगपंचमीची फार आठवण झाली.