बर्फाचा दिवस, काळी पडलेली केळी आणि बनाना ब्रेड : आपापले अनुभव लिहा

बर्फाचं वादळ येणार अशी बातमी आली की इथली माणसं दुकानात धावतात आणि दूध, अंडी, ब्रेड उचलतात. संध्याकाळपर्यंत त्या फळ्या रिकाम्या. अडकून पडलं तर फक्त फ्रेंच टोस्ट खायचा असा सरकारी हुकूम आहे की काय, कोण जाणे. आपल्या घरांत तांदूळ, डाळ, कणीक असतेच, त्यामुळे उपाशी राहायची भीती नाही. पण पहाटे पाचला शाळेचा निरोप येतो की आज सुट्टी, मुलं दिवसभर घरात, मोजे-हातमोजे हीटरवर वाळत घातलेले, आणि टोपलीत कुणीही हात न लावलेली तीन केळी. मग ओव्हन लागतो.

मी बॉस्टनजवळ राहते. २०१४-१५ च्या हिवाळ्यात इथे १०८ इंचांच्या वर बर्फ पडला, म्हणजे जवळजवळ पावणेतीन मीटर, आणि त्यातला बराचसा जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. मुंबईकरांना पावसाच्या इंचांची सवय असते, पण हे इंच वाहून जात नाहीत, अंगणात साचून राहतात. लोक फावड्यानं गाडीपुरती जागा मोकळी करतात आणि ती दुसऱ्यानं बळकावू नये म्हणून तिथे घरातली जुनी खुर्ची ठेवतात. त्या खुर्चीला हात लावणं हे बॉस्टनमध्ये भांडणाचं कारण आहे. आमच्या शेजारचे आजोबा त्यांच्या यंत्रानं आमच्याही दारातला बर्फ उडवून द्यायचे. पैसे घेणार नाहीत. मग फॉइलमध्ये गुंडाळलेला गरम बनाना ब्रेड त्यांच्या दारात जायचा. आजोबा आता नाहीत, त्यांचं यंत्र त्यांचा नातू चालवतो आणि ब्रेड त्याला जातो.

माझं प्रमाण साधं आहे : तीन पिकलेली केळी, दोन कप मैदा, पाऊण कप साखर, अर्धा कप वितळवलेलं लोणी, दोन अंडी, एक चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा मीठ. ३५० फॅरनहाइटला सुमारे तासभर. पाककृती जालावर ढिगानं आहेत, मला त्या दिवसाचं ऐकायचंय. काय नव्हतं घरात, काय करून भागवलंत, कुणी खाल्लं? लिहा.

मिनियापोलिस

थंडीत केळी काळी होतात, पण काळं म्हणजे पिकलेलं नव्हे, एवढंच सांगायला आले. जानेवारी २०१९ च्या त्या आठवड्यात इथे पारा मायनस २८ फॅरनहाइटला गेला होता. दुकानातून आणलेली केळी गाडीच्या डिकीत राहिली आणि दुपारी काढली तर काळीकुट्ट. वाटलं, बरं झालं, ब्रेडला तयारच. आत मात्र कच्चं, पिठूळ आणि पाणी सुटलेलं. गोडवा शून्य. तेव्हापासून थंडीच्या दिवसांत केळी पुढच्या सीटवर बसतात, हीटरसमोर. मागच्या सीटवर मुलं.

टोरांटो

मिनियापोलिसच्या ताईंचं वाचून राहवलं नाही. मी मूळचा रावेर तालुक्यातला, घरी अजून केळीच्या बागा आहेत. ताई, तुमच्या डिकीत जे झालं त्याला आमच्याकडे चरका म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत खानदेशात पारा उतरला की बागेत पानं पिवळी पडतात, घड निसवायला, म्हणजे बाहेर पडायला, उशीर होतो, फळाच्या सालीवर डाग येतात, आणि व्यापारी भाव पाडायला टपलेलाच असतो. केळ्याला साधारण १३ अंश सेल्सियसच्या खाली सोसत नाही. साल काळवंडते आणि आतलं पिकणं थांबतं. एकदा थांबलं की पुन्हा उबेत ठेवूनही नीट सुरू होत नाही. म्हणून जहाजातही ती १३-१४ अंशांवरच आणतात.

पहिल्या हिवाळ्यात मी इथल्या दुकानात केळ्यांपुढे बराच वेळ उभा राहिलो होतो. स्टिकरवर कधी ग्वातेमाला, कधी इक्वाडोर, कधी कोस्टा रिका. पण जात तीच, कॅव्हेंडिश. आमच्याकडची ग्रँड नैनही त्यातलीच. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, बाबांनी कात्रण व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. आणि त्याच बाबांचा मुलगा परदेशात पौंडाच्या भावानं केळी विकत घेतो!

आमच्या घरात पिकलेलं केळ वाया गेलेलं मी पाहिलं नाही. शिकरण व्हायचं, नाहीतर गुरांपुढे जायचं. इथे गुरं नाहीत. त्यामुळे बर्फ पडला, बाहेर पडता येत नाही असं झालं की मी ब्रेड करतो. लवकर पिकवायचं असेल तर कागदी पिशवीत एका सफरचंदासोबत ठेवा. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि पिशवीत कोंडून राहतो. आमच्या भागातल्या पिकवणीच्या खोल्यांत हाच वायू सोडतात. कार्बाइडच्या वाटेला जाऊ नका, त्याला बंदी आहे ती उगाच नाही. आणि घाई असेल तर ओव्हनमध्ये सालीसकट भाजायचा जो सल्ला मिळतो, त्यानं केळं मऊ होतं, काळं होतं, पण हळूहळू पिकताना पिठाची साखर होते ती तेवढी होत नाही. साखर दोन चमचे जास्त घाला म्हणजे झालं.

बाबांना व्हिडिओवर ब्रेड दाखवला. म्हणाले, "एवढ्या चांगल्या केळ्यांचं हे काय केलं रे?"

मुंबई, दादर

आमच्याकडे बर्फ फक्त गोळ्यावर पडतो. तरी वाचतेय, चालू द्या.

ऑस्टिन, टेक्सस

फेब्रुवारी २०२१. टेक्ससमध्ये सहा इंच बर्फ म्हणजे काय ते उत्तरेकडच्यांना हसायला येईल, पण आमची घरं, नळ, विजेची व्यवस्था यातलं काहीच त्यासाठी बांधलेलं नाही. वीज गेली ती गेलीच. नळाचं पाणी उकळून प्यायचा आदेश आला. फ्रीज बंद, पण बाहेर फ्रीजपेक्षा जास्त गार, त्यामुळे दूध बाल्कनीत.

फ्रीजरमध्ये मी जास्त झालेली केळी टाकून ठेवते, ती सुटायला लागली होती. ओव्हन गॅसचा असला तरी विजेशिवाय पेटत नाही. वरच्या शेगड्या काडीनं पेटतात. सासूबाई तेव्हा इथेच होत्या. त्यांनी विचारलं, "जुना कुकर कुठाय?" शिट्टी काढली, झाकणाची रिंग काढली, तळाला वाटीभर जाड मीठ पसरलं, त्यावर ताटली, आणि दहा मिनिटं कुकर नुसता तापू दिला. मग डबा आत, झाकण, आणि गॅस अगदी बारीक. त्यांच्या लग्नानंतरच्या काळात सगळे केक असेच व्हायचे, डोंबिवलीत ओव्हन होता कुणाकडे?

पन्नासएक मिनिटांनी विणकामाची सुई घालून बघितली, कोरडी निघाली. वरून तांबूस झाला नव्हता, तेवढाच फरक. अंगात स्वेटरवर स्वेटर घालून आम्ही तो मेणबत्तीच्या उजेडात खाल्ला.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. कुकर जुनाच घ्या, कोरडा तापवून नव्याचं तळ काळं पडतं. आणि बंद घरात तासभर गॅस जळत असेल तर खिडकी बोटभर उघडी ठेवा, कितीही थंडी वाजली तरी. त्या आठवड्यात घरात कोळसा पेटवून, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून ऊब घेणाऱ्या काही माणसांचे जीव गेले. फ्रीजरमधून काढलेल्या केळ्यांना भरपूर पाणी सुटतं, ते मात्र टाकू नका, आटवून घाला. चव त्यातच असते.

डेन्व्हर

समुद्रसपाटीपासून ५२८० फूट उंचीवर राहणाऱ्यांसाठी वरचं बॉस्टनचं प्रमाण चालणार नाही. हवेचा दाब कमी, त्यामुळे सोड्याचा वायू जास्त फुलतो, पीठ घट्ट व्हायच्या आत ब्रेड फुगून बसतो आणि मधोमध खळगा पडतो. सोडा पाऊण चमचा करा, साखर दोन चमचे कमी, दोन-तीन चमचे दूध घाला, आणि ओव्हन १५-२० अंश फॅरनहाइट वाढवा म्हणजे कडा लवकर धरतात.

थर्मामीटर लावणाऱ्यांनी आणखी एक बघावं. पुस्तकात आतलं तापमान २०० ते २०५ फॅरनहाइट हवं असं लिहिलेलं असतं. इथे पाणीच सुमारे २०३ ला उकळतं. २०५ ची वाट बघत बसलात तर वाळलेली वीट मिळेल. मी १९५ झालं की काढतो. आमच्याकडचा मोठा बर्फ मार्चमध्ये येतो, ओला आणि जड, होळीच्या सुमारास. बाहेर तो आणि आत पुरणपोळी असा बेत असतो, बनाना ब्रेड दुसऱ्या दिवशी, बर्फ उपसून पाठ धरल्यावर.

श्रीनगर

मिस्टर सैन्यात, त्यामुळे आमचे दोन हिवाळे काश्मीरमध्ये गेले. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, थंडीतली सगळ्यात कडक थंडी. केळी खालून, मैदानी मुलखातून ट्रकनं यायची. रामबन-बनिहालकडे दरड कोसळली किंवा बर्फ पडला की हायवे बंद, आणि मंडईत केळं नाही. त्यामुळे तुमच्यासारखं "टोपलीत उरलेलं केळं" हा प्रकार आमच्याकडे नव्हता. असेल तेव्हा डझनभर घेऊन ठेवायची आणि बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, ज्या खोलीत पेटते तिथे कपाटावर ठेवायची, नाहीतर टोरांटोचे दादा म्हणतात तो चरका.

माझ्याकडे छोटा ओटीजी होता. वीज असायची तेव्हा व्होल्टेज इतकं कमी की तासाचं काम दीड तासाचं. पण अक्रोड! पुण्यात आपण पाव किलो घेताना दहा वेळा विचार करतो. तिथे घरमालकीणबाईंनी त्यांच्या झाडाचे पिशवीभर आणून दिले होते. ब्रेडमध्ये घालायच्या आधी ते तव्यावर जरा भाजून घ्या, कडवटपणा जातो आणि कुरकुरीत राहतात.

त्यांना मी अर्धा ब्रेड दिला. त्यांनी कहवा केला, वेलची-दालचिनी-केशर घातलेला, वर बदामाचे काप. एक तुकडा खाऊन म्हणाल्या, छान आहे, पण हा नूनचायबरोबर चालणार नाही. खरंच होतं ते. खारट चहाला कांदुराकडची, म्हणजे तिथल्या बेकरीवाल्याकडची, गिर्दा रोटीच हवी. कितीही बर्फ असू दे, त्याची भट्टी पहाटे पेटलेली असायची आणि लोक फेरनमध्ये, त्या लांब लोकरी झग्यात, हात घालून रांगेत उभे. गरमागरम पाव दारात मिळत असताना बनाना ब्रेडची हौस फक्त मला होती, हे कबूल करायला हवं.

म्युनिक

शनिवार, २ डिसेंबर २०२३. चाळीस सेंटिमीटरच्या वर बर्फ, विमानतळ बंद, गाड्या बंद. दुसऱ्या दिवशी रविवार आणि जर्मनीत रविवारी दुकानं उघडत नाहीत, बर्फ असो वा ऊन. मी विद्यार्थिनी, आमच्या सामायिक स्वयंपाकघरात चौघी. केळी होती, अंडी नव्हती, सोडा नव्हता. बाकपुल्फरची, म्हणजे बेकिंग पावडरची, पुडी होती. ती साधारण १५ ग्रॅमची असते आणि अर्धा किलो पिठाला पुरते, म्हणून आमच्या पाव किलो मैद्याला अर्धी पुडी घातली. अंड्यांऐवजी अर्धी वाटी दही आणि एक केळं जास्त. उंच नाही झाला, पण मऊ झाला. रंगही फिका आला, कारण सोड्यानं जो तपकिरीपणा येतो तो बेकिंग पावडरीनं तितका येत नाही.

इथल्या ओव्हनवर पंख्याचं चिन्ह असलं तर २० अंश सेल्सियस कमी ठेवा, १७५ चे १५५. आमची तुर्की मैत्रीण तिळाची पेस्ट लावून खात होती. करून बघा, गंमत नाही करत.

न्यू जर्सी

आमच्या घरी चतुर्थीला अंडं चालत नाही आणि आईला मैदा चालत नाही. त्यामुळे कणीक, गूळ, दही. आपली चपातीची कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते, म्हणून पाव कप दूध जास्त घाला आणि भिजवून दहा मिनिटं थांबा. वेलची आणि जायफळ घातलं तर आई खाते, व्हॅनिला घातला तर "औषधासारखं लागतं".

इथल्या जुन्या शेजारणीकडून कळलं की तिची आजीही बर्फात हेच करायची. अमेरिकेच्या पाकपुस्तकांत हा पदार्थ १९३० च्या दशकात रुळला. मंदीचा काळ, काही टाकायचं नाही, आणि सोडा-बेकिंग पावडर घरोघरी पोचलेली. म्हणजे यीस्ट फुगायची वाट बघायला नको.

बॉस्टन (धागाकर्ती)

ऑस्टिनच्या ताई, सासूबाईंना नमस्कार सांगा. कुकरचा प्रयोग मी वीज असतानाच करून बघणार आहे. न्यू जर्सी, गूळ किसून की पातळ करून? आणि सोडा किती? गूळ आणि दही दोन्ही आम्लधर्मी, तर मला वाटतं एक चमचा पुरेल, जास्त झाला की साबणासारखी चव येते.

न्यू जर्सी

किसून, पाऊण कप, कोमट दुधात विरघळवून आणि गाळून, खडे निघतात कधीकधी. सोडा सपाट एक चमचा. उरला तर कापून, मध्ये बटरपेपर घालून फ्रीजरमध्ये टाका. नुसता फ्रीजमध्ये ठेवू नका, वातड होतो. तव्यावर तुपात परतून घ्या सकाळी.

मुंबई, दादर

तुपात परतून? थांबा, केळी आणायला चालले.