एकटाच उभाय, मग बाकीचा आवाज कुठून?

मोठे काका: हा व्हिडिओ बघा. एड शीरन, ब्रिटिश गायक. एवढं मोठं वेम्बली स्टेडियम, स्टेजवर हा एकटा गिटार घेऊन, आणि आवाज अख्ख्या बँडचा! मागे ट्रॅक लावलाय, दुसरं काय. आम्हाला शेंड्या लावतात.

ताई: ट्रॅक नाहीये काका. पायाकडे बघा, लूप पेडल आहे ते.

मोठे काका: पायाकडे कोण बघतंय!

मी: मी बघितलंय, तीनदा 😄 आधी गिटारच्या लाकडावर हाताने ठेका वाजवतो आणि पायाने बटण दाबतो. तेवढा तुकडा मशीन पकडतं आणि फिरवत राहतं. मग त्यावर कॉर्ड्स, म्हणजे एकत्र छेडलेले सूर, त्यावर स्वतःच्याच आवाजाचे थर. गाणं संपलं की पाटी कोरी, पुढचं पुन्हा पहिल्यापासून. बटण जरा उशिरा पडलं तर ती चूकही सोबत फिरत बसणार. आपला तबलजी सम हुकला तरी पुढच्या आवर्तनात सावरून घेतो, याला ती सोय नाही.

मोठे काका: हं. म्हणजे आपणच गायचं न् आपणच साथ करायची.

आत्या: मग बँडच ठेवावा की. पैसे वाचवतो का?

ताई: सुरुवातीला नव्हतेच आत्या. पोरवयात लंडनला आला, ओळखीपाळखीच्या लोकांच्या सोफ्यावर झोपायचा, मिळेल तिथे गायचा. 2011 च्या जानेवारीत रेकॉर्ड कंपनीशिवाय स्वतःच ईपी, म्हणजे थोड्या गाण्यांचा छोटा अल्बम, काढली, ती चालली, मग कंपनीवाले आले. सप्टेंबरात पहिला अल्बम, ब्रिटनमध्ये थेट एक नंबर. आणि 2015 मध्ये याच वेम्बलीत ओळीने तीन रात्री, तरी एकटाच.

दादा: खरी कमाई टूरची. 2017 ते 2019 च्या टूरला अडीचशेहून जास्त कार्यक्रम, 89 लाखांच्या आसपास लोक, 77 कोटी डॉलरच्या वर गल्ला. यू टू बँडचा विक्रम मोडला होता तेव्हा. आणि वाटेकरी कोणी नाही!

मी: दादा, गल्ला म्हणजे नफा नव्हे. एकटा फक्त स्टेजवर असतो, मागे लाइटवाले, साउंडवाले, ट्रक, केवढा फौजफाटा.

आई: अडीच वर्षं घराबाहेर?

मी: अधूनमधून सुट्टी असणारच गं. टूरचे शेवटचे कार्यक्रम मात्र इप्सविचला केले, म्हणजे तो वाढला त्या इंग्लंडमधल्या सफक परगण्यातच.

मोठे काका: याच्यावर चाल चोरल्याची केस होती ना?

ताई: दोन गाजल्या, दोन्ही जिंकला. 2022 ची लंडनची, ‘शेप ऑफ यू’ या त्याच्या गाण्यावरून. 2023 ची न्यूयॉर्कची जास्त रंगली. अमेरिकन गायक मार्विन गेच्या 1973 च्या गाण्याशी याच्या गाण्याच्या कॉर्ड्स जुळतात असा दावा. हा साक्षीला गिटार घेऊनच बसला, आणि त्याच कॉर्ड्सवर दुसरी गाणीही कशी बसतात ते वाजवून दाखवलं.

मोठे काका: यमनमध्ये चाल बांधली म्हणून दुसऱ्या यमनवाल्याने दावा ठोकावा, तसं झालं हे!

ताई: अगदी. पण त्या खटल्यापायी त्याला आजीच्या अंत्यविधीला आयर्लंडला जाता आलं नाही.

आत्या: अरे रे. जिंकूनही काय मग.

ताई: लंडनच्या केसनंतर तर गाणं रचायला बसला की कॅमेरा चालूच ठेवतो म्हणाला होता. उद्या कोणी विचारलं तर पुरावा.

मोठे काका: व्हिडिओ परत पाहिला. नुसत्या पायाकडे बघत बसलो, गाणं कुठलं होतं तेच कळलं नाही.