नवी गाडी पासिंगच्या आधी बघायची की शोरूमवर भरवसा ठेवायचा?

जुळे सोलापूरकर (धागाकर्ता)
पाडव्याला मेहुण्यांची गाडी आणायला आम्ही नऊ जण गेलो होतो. गाडीवर लाल साटीन, हार, पेढे, पुठ्ठ्याची परातीएवढी किल्ली, फोटो. त्या गडबडीत सेल्समनने कागद पुढे केला, "पीडीआय झालंय सर, इथे सही." पीडीआय म्हणजे डिलिव्हरीआधीची तपासणी. कागदावर साठेक बरोबरच्या खुणा होत्या, सगळ्या एकाच पेनने एका दमात ओढलेल्या. मेहुण्यांनी सही ठोकली, गाडी रूपाभवानीला नेली, मग घरी.

तिसऱ्या दिवशी उन्हात धुताना मागच्या डाव्या दाराचा रंग शेजारच्या पत्र्याहून किंचित पिवळट दिसला. दाराचं रबर उचकटलं, तर आत रंगाचे बारीक शिंतोडे. वाटेत किंवा शोरूम गाड्या साठवतं त्या यार्डात ठोकलेलं दार रंगवून आमच्या गळ्यात मारलं होतं. शोरूम म्हणतं, "तुम्ही सही केलीय, आणि गाडी आता तुमच्या नावावर आहे."

खरी मेख इथेच आहे. पासिंग, म्हणजे आरटीओत नोंदणी होऊन नंबर पडल्याशिवाय, तात्पुरता का होईना, शोरूमला गाडी ताब्यात देता येत नाही, असा नियमच आहे. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना एचएसआरपी पाटीही, म्हणजे सुरक्षित नंबरप्लेट, शोरूमच लावून देतं. म्हणजे हार घातलेली गाडी तुम्ही पहिल्यांदा बघता, तेव्हा ती बहुधा एमएच १३, म्हणजे सोलापूरच्या नंबरची, होऊन बसलेली असते. मग खोट सापडून उपयोग काय? माझं म्हणणं एवढंच: गाडी स्टॉकयार्डात जाऊन बघायची, न धुतलेली, पासिंगच्या आधी.

निवृत्त कॅशियर
तीस वर्षांत तीन गाड्या घेतल्या, एकदाही टॉर्च मारला नाही. वॉरंटी कशाला असते? नारळ फोडायच्या दिवशी संशय घेऊन जायचं म्हणजे सणाचा विचका. दार रंगवलेलं निघालं तर ग्राहक आयोग आहे की!

शेंगाचटणी
काका, आयोगाच्या तारखा तुम्ही बँकेत असताना कधी पाहिल्या नाहीत वाटतं.

मी डिसेंबरात यार्ड दाखवा म्हटलं. "मॅडम, तसा नियम नाही." मी म्हटलं, मग उरलेले पैसेही नियमात बसत नाहीत. दुसऱ्या दिवशी माणूस सोबत दिला. गाडीवर बोटभर धूळ आणि कबुतरांची नक्षी, पण सगळे पत्रे एका रंगाचे. मीटरवर ९ किलोमीटर. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायर बघितले. चॅसिस नंबरचा फोटो काढला आणि डिलिव्हरीला तोच नंबर आहे ना, ते ताडून पाहिलं. फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं, तेही वाचा. जानेवारीत घेतलेली गाडी गेल्या वर्षीची असली, तर विकताना फटका तुम्हालाच.

पान्यावाला
अकरा वर्षं वर्कशॉपमध्ये आहे, त्यातली चार पीडीआयच्या रॅम्पवर. रंग लपवला हे चूकच, त्याची बाजू घेणार नाही. पण पीडीआय म्हणजे ओरखडे शोधणं हा गैरसमज आहे. गाडी ट्रेलरवरून येते तेव्हा बॅटरी उतरू नये म्हणून बऱ्याच मॉडेलांत एखादा फ्यूज काढलेला असतो. टायरात ४० पीएसआयच्या वर हवा असते, कारण पट्ट्यांनी आवळून उभा राहिलेला टायर खालून चपटा पडतो. ती हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे उतरवायची, नट टॉर्क पान्याने आवळायचे, कूलंट-ब्रेक ऑइल बघायचं, खालून गळती, स्कॅनर लावून एरर, मग एक चक्कर. यातलं तुमच्या मोबाईलच्या टॉर्चला काय दिसणार?

वर ब्रेक डिस्कवर गंज दिसला की "जुनी गाडी दिली" म्हणून भांडण. अहो, पावसात उभी राहिली की गंज येतोच, चार ब्रेक मारले की जातो. एक मालक तर बॉनेटवर वाकून इंजिन नंबर शोधत होते. पट्ट्याचं बक्कल घासलं आणि ओरखडा त्यांनीच पाडला. खापर आमच्या पोरावर.

टेबलापलीकडचा
मी विक्रीत आहे, शिव्या खायला तयार. यार्ड बघून तुम्ही गाडी नाकारली, तर ती कुणाच्या गळ्यात घालायची? तुमच्यानंतर येणाऱ्या, न बघणाऱ्याच्याच ना? सगळेच नाकारायला लागले तर धंदा कसा चालायचा?

जुळे सोलापूरकर
मालक, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. नाकारलेली गाडी न बघणाऱ्याला जाते. यंदा ते न बघणारे आमचे मेहुणे होते. खोट असेल तर सांगून, किंमत कमी करून विका, घेणारे मिळतात.

पान्यावाले दादा, हवेचं तुम्ही म्हणता म्हणून आज पंपावर मोजली. स्टिकरवर ३३, चारही चाकांत ४४. तरीच गाडी उड्या मारत होती! कागदावर मात्र "टायर प्रेशर" पुढे बरोबरची खूण आहे.

पान्यावाला
४४ म्हणजे गाडी रॅम्पवर चढलीच नाही. आता खरं सांगतो. पाडवा-दसऱ्याच्या आदल्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गाड्या धुतो. रॅम्प दोन, पोरं चार आणि सकाळी सगळ्यांना मुहूर्त एकच. आधी पासिंग, मग पॉलिश, वेळ उरला तर पीडीआय. त्या रात्री खुणा एका दमातच होतात. घाणेरड्या फडक्याने पुसून रंगावर बारीक ओरखड्यांची जाळी पडते ती वेगळीच. एरवीच्या मंगळवारी याल तर दीड तास देतो एका गाडीला, समोर उभं राहून बघा. आणि सही करायचीच असेल, तर काय तपासलं नाही ते सहीच्या वर लिहून सोडा.

निवृत्त कॅशियर
म्हणजे मुहूर्तच सोडायचा? घरात सांगायचं कुणी?

जुळे सोलापूरकर
मेहुण्यांना हा धागा दाखवला. म्हणाले, पुढची गाडी अमावास्येला आणतो. सासूबाई आतल्या खोलीत होत्या म्हणून वाचले.