थिबाला बायकामुलांसकट आणला, मग यांनाच बंदी का?

खाडीपार
काल इथे कोणीतरी लिहिलं, "ब्रिटनने निर्वासितांची कुटुंबं आणणं बंद केलं, बरं केलं. आधी बाप्या येतो, मागून अख्खी वाडी." डोकं फिरलं, म्हणून लांबड लावतोय. ४ सप्टेंबर २०२५ पासून तिकडे नवे अर्ज घेणंच थांबवलं. तोवर आश्रय मंजूर झालेल्याला बायको आणि अठराच्या आतली पोरं आणता यायची, पगाराची अट नव्हती. आता म्हणतात नेहमीच्या मार्गाने या, म्हणजे वर्षाला २९,००० पौंड कमाई दाखवा. बायको-पोरं म्हणजे अख्खी वाडी? आणि हे रत्नागिरीकराने बोलावं? आपल्यातल्या कितीकांचे बाप आखातात होते. माझे वडील कुवेतहून दोन-दोन वर्षांनी यायचे. पत्राऐवजी कॅसेट यायची, आई ती चुलीपुढे लावायची, मग दुसऱ्या बाजूवर आम्ही उत्तर भरायचो. एक अजून आहे, वडील येताना परत घेऊन आले होते: मी पाढे म्हणतोय आणि मागे कोंबडा आरवतोय. ते म्हणे कोंबड्यासाठी ऐकायचे.

रातांबा
मीच लिहिलं होतं, माघार नाही. तुमचे वडील कराराने गेले, मुदत संपली, परत आले. होडीतून इंग्लिश खाडी ओलांडणारा परत जायला येतो का? माझी भाची तिकडे केअर होममध्ये म्हाताऱ्यांचं हगमूत काढते. ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करला नवरा-मुलं नेता येत नाहीत, आणि ती गेली त्यानंतर. चार वर्षांचा मुलगा राजापुरात आजीकडे. रीतसर गेली, फी भरली. तिच्यासाठी कोणाचं डोकं फिरलं नाही ते!

खाडीपार
भाचीवर अन्याय झाला, कबूल. पण तो होडीवाल्याने केला का? नियम केला मंत्र्याने, शिव्या खातोय सुदानी निर्वासित. याच इंग्रजांनी १८८६ मध्ये ब्रह्मदेशच्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवला, राज्य काढून घेतलं, पण राण्या आणि मुली सोबत दिल्या. कैद्याला जे मिळालं ते आश्रिताला नाही.

सड्यावरचा
थिबा निर्वासित नव्हता, नजरकैदेत होता. राजवाडा १९१० चा, त्याआधीची चोवीस वर्षं मोजा. थोरल्या मुलीने इथल्याच दरवानाशी नातं जोडलं तर घरच्यांनाच खपलं नाही. कसलं कौतुक? आणि भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, तेव्हा घरी बसून ब्रिटनला शिकवू नका.

देवगडकार
मेल्यांनो, ब्रिटनचा काय घेवन बसल्यात? हय बागेत राखणीक नेपाळी आसत, बायको-पोरा घेवन मांगरात रवतत. पोरा आमच्या शाळेत मराठी कविता म्हणतत. त्येंका कोणी व्हिसा इचारलो? ते नसते तर सगळो आंबो वानरांनी खाल्लो असतो.

सड्यावरचा
नेपाळशी १९५० चा करार आहे, व्हिसा लागतच नाही. आणि राखणदार असूनही वानर खातातच! गेल्या वर्षी केळीचा एक घड हाती लागला नाही. कौलं तर दर मे महिन्यात बदलतो. निर्वासितांवर चर्चा करणारे वानरांवर अवाक्षर काढत नाहीत.

देवगडकार
फटाके लावून बघितलास? आमच्याकडचे आता फटाक्यांक भियत नाय.

सड्यावरचा
गुलेर, सुतळी बॉम्ब, कुत्रा, सगळं झालं. कुत्र्याशी त्यांची मैत्री झाली.

खाडीपार
इथे लोकांची लेकरं अडकलीत आणि तुम्ही केळी मोजताय? लाज वाटते का थोडी?

सड्यावरचा
केळी माझी गेलीत, तुमची नाही. लाज तुम्ही वाटून घ्या.

रातांबा
भांडू नका. "अख्खी वाडी" हे शब्द मागे घेतो, तेवढेच. होडीतून येणाऱ्यांबद्दलचं मत तेच. फक्त ती कॅसेट वाचून काल रात्रीचं आठवलं. भाचीचा फोन आला की मीच त्या पोरासमोर धरतो. काल त्याने फोन पालथा घातला नि परसात पळाला. ती पलीकडून म्हणत राहिली, "दिसत नाहीये रे काही."

देवगडकार
वानरांचो विषय अर्ध्यार रवलो.