जुने टायर: ठेवायचे की काढायचे? अनुभव लिहा

रानमोगरा: मृग तोंडावर आला. समोरच्या घरचे बाब जहाजावरून रजेवर आले आणि गाडीवरची ताडपत्री निघाली. टायरांची नक्षी नव्यासारखी, म्हणून घरचे खूश. ते बघून आठवलं, पूर्वी वाड्यावर टायर तपासणं म्हणजे चपलेने एक लाथ हाणणं! जाणकारांनी लिहा बघू, जुना टायर चालेल की नाही हे कशावरून ठरवता? सुरुवात मी करते. टायरच्या बाजूला डीओटीने सुरू होणारा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघायचे. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा, जूनची सुरुवात. चार आकडे दिसत नसतील तर ते आतल्या बाजूला असतील. पूर्ण क्रमांक बहुतेक वेळा एकाच अंगाला छापतात. वाकून बघा, मोबाइलची बॅटरी लावा.

चिरेखाण: तीनच आकडे असतील तर तो २०००च्या आधीचा. जुन्या फियाटच्या डिकीत अजून सापडतात 😀
हिशोब असा. वापरात येऊन पाच वर्षं झाली की वर्षातून एकदा चाक उतरवून नीट तपासणी. बनल्याच्या तारखेपासून दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, टायर काढायचा. स्टेपनीलाही हाच नियम. काही गाड्यांच्या पुस्तिकेत सहाच वर्षं लिहिलेली असतात, तिथे पुस्तिकेचं ऐकायचं.

सुरंगीचा वळेसर: पण गाडी उभीच होती ना, झिजली कुठे?

चिरेखाण: उभी होती हेच तर दुखणं, ताई. हवेतल्या ओझोनने रबर तडकतं. ते टाळायला रबरात एक प्रकारचं मेण घातलेलं असतं. चाक फिरतं, रबर दबतं-सुटतं, तसं ते मेण वर येत राहतं. उभ्या गाडीत ते काम थंडावतं, वरून ऊन, आणि हवा महिन्याला एक-दोन पीएसआय (दाबाचं माप) आपसूक उतरते. आठ महिन्यांनी टायर अर्धवट बसलेला, सगळा भार एकाच जागी. भेगा तिथूनच सुरू होतात.

फोंड्याचो पावस: भेगा बघायच्या आधी टायर साबणाच्या पाण्याने घासून धुवा. काळं पॉलिश मारलं की सगळं झाकलं जातं, सेकंडहँड टायरवाले उगाच चकचकीत करत नाहीत. मग स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचं म्हणजे पुढच्या चाकाची आतली बाजू थोडी दिसते. बघायच्या तीन जागा: खांदा (नक्षी संपून बाजू सुरू होते ती कड), नक्षीच्या खाचांचा तळ आणि रिमला लागून असलेली कड. वरवरच्या केसासारख्या रेघा म्हणजे वय, लक्ष ठेवा. भेगेत नख अडकतंय किंवा आत धागा दिसतोय तर पुढे विचारूच नका. खाचेच्या तळाची भेग बाजूच्या भेगेपेक्षा मला जास्त नकोशी वाटते, कारण तिथून पाणी नक्षीखालच्या तारेच्या पट्ट्यापर्यंत जातं आणि तार गंजते.

गॅरेजवाली वहिनी: गिऱ्हाइक आहे, पटपट लिहिते. बाजूवर तळहात फिरवा. बाहेर आलेला फुगा = आतले धागे तुटले = टायर बाद. त्याला दुरुस्ती नाही, कोणी "व्हल्कनाइज करून देतो" म्हणाला तरी नाही. पण आत दबलेली उभी बारीक पन्हळ दिसली तर घाबरू नका, रेडियल टायरमध्ये थर जिथे एकमेकांवर येतात तिथे ती असते. अर्धे लोक तीच दाखवायला येतात.

आगोंदचो वारो: वहिनी, रविवारी उघडं असतं का?

गॅरेजवाली वहिनी: रविवारी मासळी 😄 सोमवारी या.

सत्तरीकर: नक्षीचं कुणी बोललंच नाही. खाचांमध्ये आडवे छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिमी उंच. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की कायद्यानेही टायर संपला. पण चोर्ला घाटात आषाढातला पाऊस १.६ बघत नाही. नव्या टायरला साधारण ७-८ मिमी खोली असते. ३ मिमीच्या खाली गेली की खाचांना पाणी बाहेर फेकणं जड जातं, गाडी पाण्यावर तरंगते आणि ब्रेक लांब लागतो. म्हणून इथे मी ३ला काढा म्हणेन. खोलीमापक स्वस्त मिळतो. आतली, मधली, बाहेरची खाच, प्रत्येक चाकावर निदान तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरा, सरासरी नको. मापकाची सुई त्या उंचवट्यावर टेकवू नका.

झीज कुठे आहे तेही बघा. मध्येच झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. एकच कड गेली तर अलाइनमेंट. हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलाय. जागोजागी वाट्यांसारखे खळगे असतील तर शॉकअप बघा. कारण न काढता नवा टायर घातलात तर तोही तसाच जाणार.

सुरंगीचा वळेसर: नायट्रोजन भरला तर टायर जास्त टिकतो म्हणतात?

फोंड्याचो पावस: साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, ताई. हवा थंड टायरात मोजा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवरचा आकडा धरा. बाजूवर लिहिलेला कमाल आकडा भरायचा नसतो.

दर्यावर्दी: किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी रिम बघा. खाऱ्या हवेने लोखंडी रिमची कड गंजते, टायर तिथे घट्ट बसत नाही आणि हवा हळूहळू सुटते. टायर बदलून फायदा नाही, रिम घासून साफ करून घ्यायला हवी. वॉल्व्ह बोटाने वाकवून बघा, बुडाशी तडे असतील तर बदला. दर नव्या टायरला वॉल्व्ह नवाच.

गॅरेजवाली वहिनी: आणि टायर उतरवलाच आहे तर आत हात घाला. काळी भुकटी हाताला लागली किंवा आतल्या बाजूला गोल रंग उडालेला पट्टा दिसला म्हणजे तो हवा नसताना चालवलाय. बाहेरून कितीही चांगला दिसो, परत चढवू नका. पंक्चर नक्षीच्या भागात, ६ मिमीपर्यंतच. खांद्यावर किंवा बाजूला नाही. आणि आतून मशरूम (छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ) लावा, बाहेरून ठोकलेली दोरी घरी पोचण्यापुरती.

आगोंदचो वारो: ३०-४०च्या वेगात धबधब असा आवाज येतोय, बॅलन्सिंग दोनदा करून झालं.

सत्तरीकर: बॅलन्सिंगने जाणार नाही ते. चाक मशीनवर हळू फिरवून नक्षीकडे बघायला सांगा. एका जागी उंचवटा वर-खाली होताना दिसला तर आतला तारेचा पट्टा सुटलाय. सोमवारपर्यंत त्यावर हायवेला जाऊ नका, स्टेपनी चढवा. आधी तिची तारीख बघा मात्र!

रानमोगरा: दोनच टायर घ्यायचे असतील तर पुढे घालायचे ना? पुढची चाकं गाडी ओढतात.

सत्तरीकर: नाही, नवे मागे. मागचं घसरलं की गाडी गिरकी घेते, ती सावरणं कठीण. पुढचं घसरलं तर वेग कमी करून सावरता येतं. आणि भार-वेगाचा आकडा गाडीला सांगितलाय त्याहून कमी घेऊ नका. ८५टी म्हणजे एका टायरवर ५१५ किलो आणि ताशी १९० किमी.

दर्यावर्दी: काढलेले टायर परसात टाकू नका, पाणी साचून डेंग्यूचे डास होतात. मालीम जेटीवर ट्रॉलरांच्या बाजूला लावायला जुने टायर लागतात, विचारून बघा. घरीच ठेवायचे असतील तर बुडाशी भोकं पाडून ठेवा.